मागच्या पट्टीतली रानहळद

आमचं चारकोपचं घर तळमजल्यावर. मागे इमारत आणि कंपाउंडच्या भिंतीमधली अरुंद पट्टी, तिथे ऊन कधी फिरकत नाही. तुळस दोनदा गेली, जास्वंद नुसतीच उंच वाढली. शेवटी सासूबाईंच्या गावाहून रानहळदीचे कंद आणले. जंगलात झाडांच्या सावलीतच वाढणारी ती, तिला आमच्या अंधाराचं काय!

पहिली दोन वर्षं नुसती पानं आली. दिवाळीनंतर तीही वाळून जायची आणि जमीन ओसाड दिसायची. मग माझं काम सुरू. कंद आत झोपलेत, इथे खणू नका, इथे मलबा टाकू नका, हे मी रंगाऱ्याला सांगायचे, प्लंबरला सांगायचे. नवरा म्हणायचा, नसलेल्या झाडाची राखण करणारी तू एकटीच. ऑफिस करून आल्यावर भांडायलाही अंगात त्राण नसायचं, तरी भांडले.

यंदा भाद्रपदात पानांच्या बुडाशी गुलाबी तुरा उभा राहिला. सासूबाईंना हाताला धरून दाखवायला नेलं. गुडघे गेल्यापासून त्यांचं गावी जाणं बंद आहे, आणि आपली गौर बाजारातून पिशवीत घालून येते याचं त्यांना फार वाईट वाटतं. म्हटलं, गौरीला हा तुरा कापून देईन.

गौर आणायच्या दिवशी घरी आले तर सासूबाईंनी कुणाकडून तरी खणून घेतलेलं अख्खं झाड, कंदांसकट, धुऊन पाटावर ठेवलेलं. त्यांच्या गावी गौर तेरड्याची, आणि तेरडा मुळासकटच आणतात. मुळं म्हणजे गौरीचे पाय. पण तेरडा एका पावसाचा, बी पडलं की पुन्हा उगवतो. रानहळदीचा सगळा जीव त्या कंदात, आणि मागे मातीत एकही उरला नव्हता. माझं डोकंच फिरलं. तुरा कापायचा ठरला होता ना, म्हणून विचारलं.

"पाय तोडून देवीक कोण घरात घेता गो?" त्या म्हणाल्या. मग मुळांवरचं पाणी पुसत, "पुढच्या वर्साक माका गावतली काय गौर?"

गौर मिळायला पुढच्या वर्षी त्या असतील का, हे त्या मला विचारत होत्या. मी हळदकुंकू आणायला आत गेले.

विसर्जनाला सोसायटीच्या हौदापाशी झाड माझ्याच हातात होतं. एक कंद मोडून घेणं काही कठीण नव्हतं. अंगठा तिथे टेकवलाही होता. सासूबाई खुर्चीत बसून त्या मुळांकडेच बघत होत्या. मी झाड तसंच पाण्यात सोडलं.

घरी येताना त्यांनी सगळा भार माझ्या हातावर टाकला, आणि तो अगदीच थोडा होता.