थांब्यावरची मावशी

आमच्या चर्चच्या ऑफिसात एका खिडकीखाली दोन टेबलं होती. एकावर मी दाखले, पावत्या आणि लग्नाच्या नोंदी बघायचे. दुसऱ्यावर ती बसायची. तिला सगळे दवंडीताई म्हणत. हे नाव पाळकसाहेबांनी थट्टेत ठेवलं आणि ते तिला इतकं चिकटलं, की नवीन आलेली माणसं ते तिचं आडनाव समजायची.

काम तिचं तसंच होतं. रविवारचं पत्रक, दारातले फलक, फोनवरचं चर्चचं पान, घरी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी उपासनेचं थेट प्रक्षेपण आणि चर्चच्या वृद्धाश्रमाची सगळी प्रसिद्धी, असं सगळं ती एकटी बघायची. आधी ती एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात होती. नवरा गेल्यावर तिथली धावपळ झेपेना, म्हणून इकडे आली. शब्दाला फार जपायची. एकदा पत्रकाच्या मसुद्यात मीच लिहिलं होतं, ‘पाळकसाहेब परगावी असल्याने येत्या रविवारची उपासना आनंदाने पार पडेल.’ तिने ते वाचलं, चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, “खरं असलं तरी छापता येत नाही, बाई.”

तिची आई ती शाळेत असतानाच गेली. मावशीने तिला सांभाळलं. मावशीचा एकुलता एक मुलगा हिच्यापेक्षा थोडा मोठा, त्याला ही दादा म्हणायची. भाऊबहीण एका ताटात जेवून वाढलेले. दादाचं चष्म्याचं दुकान होतं, मोठ्या रस्त्यावर, बसथांब्याच्या अगदी समोर. मावशी त्याच्याकडेच राहायची. तिचे गुडघे कामातून गेले होते, आणि घर दुसऱ्या मजल्यावर. दर रविवारी दादा तिला पाठीवर घेऊन जिना उतरायचा आणि चर्चच्या पुढच्या बाकावर आणून बसवायचा. ती त्याच्या पाठीवरूनच लोकांना हात करायची. “गाडी जुनी आहे, पण पेट्रोल मागत नाही,” असं म्हणून त्याच्या टकलावर टिचकी मारायची. दुसऱ्या शहरात मोठ्या दुकानात चांगली नोकरी लागत होती, ती त्याने आईला नवी जागा सोसायची नाही म्हणून सोडली होती. हे तो कधी बोलला नाही. आम्हाला त्याच्या बायकोकडून, वहिनीकडून कळलं.

मग चर्चच्या कमिटीला वाटलं, आपल्या वृद्धाश्रमाची लोकांना ओळखच नाही. ते खरंही होतं. आश्रमासमोरच राहणारी माणसं ती इमारत गोदाम समजायची. कमिटीने बाहेरचा एक सल्लागार बोलावला. तरुण, बोलायला गोड, लॅपटॉप उघडला की बंद करायचा नाही. त्याने नवा लोगो दिला, नवे रंग दिले, आणि म्हणाला, “एक चेहरा पाहिजे. आश्रमातला खरा, म्हातारा चेहरा. लोक इमारतीला मदत करत नाहीत, चेहऱ्याला करतात.”

दवंडीताई तिथेच अडून बसली. “आश्रमातल्या निम्म्या लोकांना आपण कुठे आहोत हेच आठवत नाही,” ती म्हणाली. “त्यांना विचारायचं कसं? उद्या रस्त्यात स्वतःचा फोटो बघून कुणी घाबरलं तर?”

“मग मॉडेल घ्या.”

“मॉडेल कशाला? माझी मावशी आहे. तिला सगळं कळतं, आणि तिला आवडेलही.”

मावशीला आवडलंच. फोटोच्या दिवशी दादानेच तिचा निळा स्वेटर इस्त्री केला, केस विंचरून दिले, आणि तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. आमच्या ऑफिसच्या खिडकीपाशी खुर्ची टाकली होती. फोटोग्राफर म्हणाला, “आजी, जरा उदास बघा.” मावशी म्हणाली, “अरे, सकाळी सून चहात साखर टाकायला विसरली, तेवढ्यावर किती उदास होऊ?” आणि हसता हसता ती खिडकीबाहेर बघायला लागली. दादा रस्त्यापलीकडे पानवाल्याशी बोलत उभा होता, त्याला शोधत होती. तोच क्षण फोटोत आला. वाट बघणारे डोळे, आणि ओठांवर विरत चाललेलं हसू.

ताईने त्याखाली ओळ लिहिली होती, ‘या, जरा गप्पा मारू.’ छपाईआधी सल्लागाराने ती बदलली. नवी ओळ होती, ‘हिला कोणी नाही. तुम्ही आहात?’

तिने मला ती दाखवली, तेव्हा तिला ती आवडली नव्हती. “फार रडकी आहे,” म्हणाली. कमिटीशी वादही घातला. पण कमिटीला ती पसंत पडली होती, छापखाना खोळंबला होता, आणि सल्लागार म्हणत होता की जाहिरातीतला चेहरा हा नुसता चेहरा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शेवटी तिने होकार दिला. आम्हा दोघींच्याही डोक्यात दादा आला नाही. मावशीला दादा आहे हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं, की जगात कुणाला ते ठाऊक नसेल असं तिला वाटलंच नाही.

पोस्टरं लागली. एक बसथांब्यावर लागलं, पुरुषभर उंचीचं, दादाच्या दुकानासमोर.

पहिल्या दिवशी दादाने तिला फोन करून चेष्टा केली. “आईला माझ्यावर पाळत ठेवायला नेमलंस वाटतं.” मग गिऱ्हाइकं बोलायला लागली. ओळखीची होती ती हसण्यावारी न्यायची. पण तो हमरस्ता, ओळखीची अशी किती? थांब्यावर रोज उभ्या राहणाऱ्या कुणीतरी त्याला कधी आईला पाठीवर घेऊन जाताना पाहिलं होतं. चेहरा जुळला. “अहो, ही त्याची आई. आश्रमात टाकली वाटतं.” एका म्हाताऱ्या गृहस्थाने दुरुस्तीला दिलेला चष्मा तसाच परत मागितला आणि म्हणाला, “माझं मी बघेन.” कुणीतरी पोस्टर आणि मागचं दुकान एकाच फोटोत घेऊन फोनवर फिरवलं. त्याखाली लोकांनी जे लिहिलं ते मी इथे लिहीत नाही. दादाच्या मुलीला शाळेत विचारलं गेलं, “तुमच्या घरात आजीला जागा नाही का?”

तो ऑफिसात आला तेव्हा दुपार होती. मी उठून जायला लागले तर म्हणाला, “बसा, लपवण्यासारखं काही राहिलं नाही.” ओरडला नाही तो. ताईच्या टेबलासमोर उभा राहून त्याने एवढंच विचारलं, “हिला कोणी नाही, हे तू लिहिलंस?”

“मी नाही लिहिलं, दादा. पण मी जाऊ दिलं.”

“मग मी कोण?”

 

त्याच दुपारी ती स्वतः शिडी घेऊन गेली आणि थांब्यावरचं पोस्टर उतरवलं. कागद एकसंध निघेना, तुकड्या-तुकड्याने ओरबाडावा लागला. दादा दुकानातून बघत होता, पण बाहेर आला नाही. संध्याकाळी तिने चर्चच्या पानावर खुलासा टाकला : ‘छायाचित्रातील बाई आमच्या आश्रमात राहत नाहीत. त्या आपल्या मुलाच्या घरी, त्याच्या प्रेमळ देखरेखीत राहतात.’ तिला वाटलं, आता निवळेल. झालं भलतंच. लोकांनी विचारलं, मग तुम्ही खोटं का छापलं? आश्रमात खरोखर कोणी राहतं तरी का? मदत द्यायचं कबूल केलेले मागे सरायला लागले. कमिटीची बैठक झाली. पाळकसाहेबांनी तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“काय म्हणाले?”

“खुलासा काढून टाक म्हणाले. आश्रमात खरी माणसं आहेत, त्यांची औषधं थांबतील म्हणाले.” ती खुर्चीत बसली. “आणि ते खरं आहे गं. तेही खरंच आहे.”

 मग तिने तो खुलासा काढून टाकला. मी शेजारीच होते.  मी तिला थांबवलं नाही, आणि थांबवून काय सुचवणार होते, ते आजही मला ठाऊक नाही.

खुलासा काढून टाकल्याचं दादाला कळायला वेळ लागला नाही. त्याने दुकान हलवलं, घरही बदललं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर. पुढच्या बाकावरची मावशीची जागा रिकामी पडली. आश्रमाला मात्र मदत आली, भरपूर आली. नव्या खोल्या झाल्या, रात्रपाळीची परिचारिका आली. उद्‌घाटनाला कमिटीने ताईचा सत्कार केला. ती शाल घेऊन खाली आली आणि तिने ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकली. “तुलाच ठेव, मला ऊब नको तिची,” म्हणाली.

ती मावशीला भेटायला नव्या घरी गेली होती. हे तिने मला फार नंतर सांगितलं. दार वहिनीने उघडलं, अर्धंच. वहिनी वाईट नव्हती, डोळे तिचेही भरले होते. पण नवऱ्याला शब्द दिलेला होता. आतून मावशीचा आवाज आला, “कोण आलंय गं?”

वहिनी ताईकडे बघत म्हणाली, “कोणी नाही, आई.”

ताई तशीच परत फिरली. वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि अंधार पडायच्या बेताला उठली. मावशीची माणसं ओळखायची नजर तेव्हा गेलेली होती, कान मात्र शाबूत होते. ‘मी नुसतं खोकले असते तरी तिने ओळखलं असतं,’ असं ताई म्हणायची. ‘पण मी खोकलाही दाबला.’

पुढल्या हिवाळ्यात मावशी गेली. तिच्या आजारपणाचं ताईला कोणी कळवलं नव्हतं. सकाळी ती टेबलाशी पत्रक जुळवत होती आणि दादाचा फोन आला. इतक्या महिन्यांनी त्याचं नाव फोनवर बघून ती उभीच राहिली. 

“आई गेली,” तो म्हणाला. “शवपेटीजवळ ठेवायला फोटो नाही. घरातल्या सगळ्यात ती कुणाला तरी मारायला हात उगारतेय नाहीतर डोळे मिटलेत. तुझ्याकडे तो आहे ना?”

“आहे.”

“ओळीशिवाय पाठव.”

तिने ओळीशिवायचा फोटो शोधला. मूळ फोटो, जसा खिडकीपाशी काढला होता तसा. छापून आणला, चौकट करून घेतली, स्वतः घेऊन गेली. मी तिच्यासोबत होते. दफनभूमीच्या फाटकाशी दादाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि कितीतरी वेळ बघत उभा राहिला. “ती इथे कुठे बघतेय?” त्याने विचारलं.

“तुझ्याकडे,” ताई म्हणाली. “तू रस्त्यापलीकडे उभा होतास. तुला शोधत होती.”

तेव्हा दादा पहिल्यांदा रडला. मला वाटलं, आता मिटेल सगळं. ताईलाही वाटलं असणार, कारण तिचा हात आपोआप पुढे झाला. दादाने तो झिडकारला नाही. क्षणभर धरला आणि सोडला.

“राग नाही राहिला,” तो म्हणाला. “आई शेवटपर्यंत विचारायची, पोरगी का येत नाही. मी सांगायचो, कामात आहे. मीही खोटंच सांगितलं की. पण तुला बघितलं ना, की मला तो थांबा दिसतो. मी काय करू? तू येत जाऊ नकोस.”

“बरं, दादा,” ती म्हणाली.

आम्ही मागे, भिंतीजवळ उभ्या राहिलो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, माती पडली, माणसं पांगली. दादा नातेवाइकांना निरोप देत असताना ताई बाजूच्या फाटकाने बाहेर पडली.

शुक्रवारी पत्रक जुळवायचं होतं. निधनवार्ता तिनेच लिहिली. ते काम तिचंच होतं. मी मुद्रितं तपासायला घेतली. मावशीचं वय, चर्चमधली सेवा, गाण्याची आवड, सगळं दोन-चार वाक्यांत नेमकं आलेलं. शेवटी लिहिलं होतं, ‘त्यांच्या पश्चात मुलगा, सून व नात असा परिवार आहे.’

“आणि तू?” मी विचारलं. “भाची राहिली ना. मावशीनेच वाढवलंय तुला.”

“जागा नाही,” ती म्हणाली.

खाली चांगली चार बोटं कोरी जागा होती. मी बोट ठेवून दाखवली. तिने पाहिलं, मान हलवली, आणि तिथे गायनमंडळाच्या सरावाची वेळ टाकून कागद छपाईला दिला.