झोपलेल्याला उठवायचं नाही

आमच्या घरात दोन कुत्री होती आणि दोन्ही घोरायची. एक माझ्या मुलीनं पुण्याहून आणलेला पग. दुसरी आमच्याच गल्लीतली गावठी कुत्री, जी एका दिवाळीत फटाक्यांना घाबरून आत शिरली आणि परत बाहेर गेलीच नाही. पग पंधरा दिवसांसाठी आला होता. मुलीच्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं, दुसरी खोली मिळेपर्यंत ठेव म्हणाली. ज्यांची मुलं पुण्यात शिकतात त्यांना हे पंधरा दिवस चांगले माहीत असतात. आमचे चार वर्षं चालले.

माणसंही घरात दोनच. मी आणि माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो. नवऱ्यापासून वेगळी होऊन मी मुलीला घेऊन सिडको वसाहतीतल्या या माहेरच्या घरी परत आले, त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. मुलगी पुढं पुण्याला गेली. मी शाळेत शिकवते, दादा रिटायर होऊन घरी असतात. बोलायचे विषय संपत आलेले असताना हे दोन घोरणारे जीव घरात आले, हे आमचं नशीबच म्हणायचं.

पगचं इंग्रजी नाव दादांच्या जिभेवर कधी बसलं नाही. ते त्याला गडी म्हणायचे. गडी दादांच्या चपलेवर हनुवटी टेकवून झोपायचा, त्यामुळे चप्पल हवी असली तर दादा अनवाणी दुकानापर्यंत जाऊन यायचे. कधी बसल्या बसल्याच त्याला डुलकी लागायची. मान खाली खाली जायची आणि एकदम कलंडायचा, मग आम्हीच ढकलल्यासारखं रागानं बघायचा. डोळे त्याचे कधी पूर्ण मिटायचेच नाहीत. जिभेचं टोक बाहेर, डोळे अर्धे उघडे आणि आतून तो आवाज. आमच्याकडे नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं आणि पाणी येण्याआधी नळ गुरगुरतो, फुसफुसतो, मध्येच गप्प बसतो. गडी हुबेहूब तसा घोरायचा. एकदा पहाटे दादा उठून पिंप सरकवून, मोटार लावून बसले होते. मोटार कोरडीच फिरत राहिली आणि गडी कपाटामागं घोरत राहिला.

कुत्रीची तऱ्हा वेगळी. ती कूलरसमोर उताणी पडायची, चारी पाय वर. दुपारी कुणी पाहुणा आला की आधी दचकायचा, मग हसायचा. झोपेत पळायची, पळता पळता बारीक भुंकायची, आणि दमली की गडीच्या पाठीत नाक खुपसून हलकंसं घोरायची. मुलगी सुट्टीत आली की दोघांचं रेकॉर्डिंग करून मैत्रिणींना पाठवायची. मैत्रिणी हसून लोळायच्या म्हणे. दादा म्हणायचे, दमलेला जीव घोरतोच. गडी कशानं दमायचा, ते मात्र त्यांना सांगता यायचं नाही.

आमच्या घरात झोपलेल्याला उठवत नाहीत. हा नियम कुत्र्यांच्या कितीतरी आधीचा. दादा मूळचे कन्नड तालुक्यातल्या खेड्यातले. शेती भावांवर सोपवून ते इथल्या एका कारखान्यात लागले आणि तीस वर्षं तीन शिफ्टमध्ये काम केलं. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी घरी यायचे आणि चार वाजेपर्यंत झोपायचे. त्या आठवड्यात आई दाराच्या कडीला फडकं गुंडाळायची, बेलची वायर काढून ठेवायची, कुकर लावायची नाही. आम्ही भावंडं खाणाखुणांनी भांडायचो. आईनं ओठांवर बोट ठेवलं की चालता पाय जागच्या जागी थांबायचा. ते बोट मी इतकं शिकले की वर्गातली पोरंसुद्धा माझ्या बोटाला घाबरतात. दादा रिटायर झाले, आई गेली, नियम राहिला. गडी खुर्चीवर झोपला असेल तर दादा खाली चटईवर बसून पेपर वाचायचे.

गेल्या मार्चमध्ये मी गडीला छावणी भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, नखं कापायला. डॉक्टरांनी त्याचा श्वास ऐकला आणि विचारलं, घोरतो का. मी हौसेनं मोबाईलमधलं रेकॉर्डिंग ऐकवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, हे घोरणं नाही, ही त्याची रोजची मेहनत आहे. नाकपुड्या अरुंद, घसा अरुंद, छोटं ऑपरेशन केलं तर श्वास मोकळा होईल. आणि उन्हाळ्यात सांभाळा, धाप लागली किंवा मलूल पडला तर पाणी ओतून लगेच घेऊन या. घरी आल्यावर दादांना मी सगळं सांगितलं. ते गडीकडे बराच वेळ बघत बसले. ऑपरेशन जूनमध्ये, मुलगी आल्यावर करायचं ठरलं.

मे महिन्यातली ती दुपार. सकाळी कुठंतरी केबल जळाली होती आणि दीड वाजता आमचीही लाइट गेली. कूलर थांबला. मी गडीच्या अंगावर ओला पंचा टाकला, पाणी प्यायला दिलं. थोडं प्यायला, फरशीवर पसरला आणि घोरायला लागला, नेहमीपेक्षा मोठ्यानं. मी वर्षाचे गहू निवडायला बसले होते. दादा समोरच्या खाटेवर पडले होते, हातातल्या वर्तमानपत्रानं वारा घेत. अडीचच्या सुमारास आवाज कमी होत गेला आणि थांबला.

दादा उठून बसले. "आवाज नाय येत गं त्याचा," म्हणाले आणि पाय खाली सोडायला लागले.

मी वळून बघितलं. डोळे अर्धे उघडे, जिभेचं टोक बाहेर. रोजच्यासारखाच. मला वाटलं, एवढ्या उकाड्यात बिचाऱ्याला आत्ता कुठं धड झोप लागली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "शांत झोपलाय. उठवू नका."

दादा थांबले. क्षणभर त्यांचा पाय तसाच हवेत होता. मग त्यांनी तो वर घेतला आणि पुन्हा आडवे झाले. माझं बोट म्हणजे त्यांच्याच घराचा नियम, तो ते कसा मोडणार?

थोड्या वेळानं कुत्री मागच्या दारातून आली. तिनं गडीला हुंगलं, नाकानं ढोसलं, माझ्याकडे बघून बारीक कण्हली. पुन्हा ढोसलं. मी सूप खाली ठेवलं, तिला मानेला धरून मागच्या अंगणात नेलं आणि दार लावून घेतलं. का, तर तो उठेल. परत येताना मी पायातली चप्पलसुद्धा हातात घेतली होती. दोन तास मी त्या खोलीत गव्हातले खडे इतक्या हलक्या हातानं वेचत होते की ताटात पडलेला दाणा वाजू नये. याची मला आजही लाज वाटते.

पावणेपाचला लाइट आली. कूलर धडधडत सुरू झाला, पंख्यावरून पाण्याचे चार थेंब उडून गडीच्या तोंडावर पडले. तो हलला नाही. दादांनी खाली वाकून त्याच्या पोटाला हात लावला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

तरी आम्ही रिक्षानं छावणीत गेलो. गडी दादांच्या मांडीवर, ओल्या पंचात. डॉक्टरांनी तपासायची औपचारिकता केली आणि विचारलं, शेवटचा केव्हा बघितला होता, मलूल वाटला तेव्हा उठवलं का नाही. मी तोंड उघडायच्या आत दादा बोलले. "मीच म्हणलो, उठवू नको."

मला वाटलं, डॉक्टरांसमोर मला बोलणी बसू नयेत म्हणून म्हणाले. पण संध्याकाळी मुलीला फोन लागला, तेव्हाही त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेऊन तेच सांगितलं, त्याच शब्दांत. पलीकडून फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी जीप करून आम्ही गडीला कन्नडला नेलं आणि दादांच्या वाट्याच्या तुकड्यात, बांधाच्या कडेला पुरलं. चुलत्यांना वाटलं, कुत्र्यासाठी कुणी एवढं करतं का. पण दादांचा चेहरा बघून त्यांनीच वर दगड रचले.

माझी मुलगी रोज संध्याकाळी आजोबांना फोन करायची. मला आठवड्यातून दोनदा, आजोबांना रोज. तो फोन बंद झाला. मला यायचा. त्यात ती दादांची चौकशीसुद्धा करायची नाही. सातच्या सुमारास दादा मोबाईल खिशातून काढून खाटेवर ठेवायचे, रेंज आहे का बघायचे, साडेसातला परत खिशात टाकायचे. हे मी रोज बघत होते. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. मुलीच्या नजरेतून उतरायची भीती वाटत होती. नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा हीच एक माझ्या बाजूनं उभी राहिली होती, वय वर्षं बारा. तिनंही पाठ फिरवली तर माझ्याकडे काय उरतं? म्हणून मी म्हाताऱ्या बापाच्या पाठीवर माझं ओझं तसंच राहू दिलं. जून गेला, जुलै गेला.

पोळ्याच्या आसपास ती दोन दिवसांसाठी आली. आल्या आल्या कुत्रीला मिठी मारून रडली. दादांना नुसतं, बरे आहात ना, एवढं विचारून आत गेली. जेवताना दादा तिच्या ताटात स्वतःच्या हातानं पुरणपोळी वाढायला गेले तर तिनं ताटावर हात आडवा धरला. त्यांनी पोळी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावायला लागले. झाकण बसेना. ते फिरवतच राहिले.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं. दादा उठत होते, मी थांबवलं. कुत्री उठवत होती, तिला मी बाहेर काढलं. सगळं सांगितलं, चपलेचंसुद्धा.

तिनं विचारलं, "मग आजोबा तसं का म्हणाले?"

उत्तराला न थांबता ती बाहेर गेली आणि दादांच्या खाटेवर, त्यांच्या पायाशी बसली. त्यांचे पाय दाबत राहिली. माझ्याशी ती त्या दोन दिवसांत कामापुरतंच बोलली. आता बोलते, पूर्वीसारखं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ती गेल्यावर दादा माझ्यावर चिडले. सांगायची काय गरज व्हती, म्हणाले. मी म्हणाले, चूक माझी होती. तेव्हा त्यांनी एक जुनी गोष्ट काढली. मी दुसरीत होते. आई गुलमंडीच्या बाजारात कापड आणायला गेली होती, दादा रात्रपाळी करून झोपले होते. मी कंपाउंडवरून पडले आणि मनगट मोडलं. तो हात मांडीवर घेऊन मी त्यांच्या उशाशी चार वाजेपर्यंत बसून राहिले, रडलेसुद्धा नाही. दादांनी ही गोष्ट पुढं आल्यागेल्याला कौतुकानं सांगितली. माझ्या लग्नाच्या बैठकीतही सांगितली होती, पोरगी किती समंजस आहे म्हणून. मलाही ऐकताना बरं वाटायचं.

"त्यात कौतुक करण्यासारखं काय व्हतं," दादा म्हणाले. "दोन हात लांब बाप झोपलेला आन् पोरगी मोडका हात घिऊन गप बसलीय. ही सवय तुला लावली कुणी? मग चूक कुणाची?"

मी म्हणाले, तुम्ही झोपायचात म्हणून आम्ही जेवायचो. ते म्हणाले, ते बी खरं. कुत्री कूलरसमोर पडली होती. गडी गेल्यापासून ती उताणी झोपत नाही, कुशीवर झोपते, आणि घोरतही नाही. त्यामुळे मी अर्ध्या अर्ध्या तासानं तिला हलवून बघते. ती एक डोळा उघडते, मीच आहे म्हटल्यावर शेपटी एकदा आपटते आणि परत मिटते. त्याही दिवशी मी तिला हलवलं. दादा बघत होते.

"उद्यापासून मलाबी उठवत जा गं," ते म्हणाले. "साडेतीनला. चहा नसला तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी त्यांच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिले. हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला आणि चार बोटांवर थांबला. शाळेतल्या पन्नास पोरांना एका दमात गप्प करणारी बाई मी, पण एका झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवायला मला जमेना. छाती हलतेय का बघितलं. सैल बंडीखाली काही कळत नव्हतं. मी हाक मारली, ती घशातून निघाली तीच कुजबुजत. काही हालचाल झाली नाही. मग मी जोरात हाक मारली, इतक्या जोरात की शेजारच्या अंगणातलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला लागलं.

दादांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "जागाच हाये मी. तू हाक मारतीस का नाय, ते बघत व्हतो."