दुपटी कुठे गेली

उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेल्यामुळे तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. नवरा कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. दोघं मागेपुढे निवृत्त झाली आणि दिवसभर घरात एकमेकांच्या पायात येऊ लागली. तेव्हा तिच्या नणंदेनं डोकं चालवलं.

नणंद एकटी, नवरा गेलेला, मुलं लांब, घर मात्र दुमजली. तिच्या कानावर आलं होतं की मोठ्या सरकारी दवाखान्यात दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना गुंडाळायला धड कपडा मिळत नाही. आपण बायका जमून दुपटी विणू, असं तिनं सुचवलं. ऑपरेटरबाईचा स्वतःचा मुलगा सातव्या महिन्यात झालेला, आणि एका सिस्टरनं अंगावरची शाल काढून त्याला गुंडाळला होता. तिला आणखी काही पटवून द्यावं लागलं नाही.

दर मंगळवारी नणंदेच्या खालच्या खोलीत पाच-सहा जणी जमायच्या. कुणी दोन सुयांवर, कुणी क्रोशावर. टाके मोजायचे आणि मधल्या वेळात सुनांचा उद्धार करायचा. दुपट्यांची पोती भरली की ऑपरेटरबाईचा नवरा ती स्कूटरवर टाकून दवाखान्यात पोचवायचा आणि परत येऊन हकिकत सांगायचा. पिवळ्या दुपट्यावरून म्हणे दोन आया भांडल्या. एक बाळ हिरव्या दुपट्याशिवाय डोळाच मिटत नाही. मुलखाचा अबोल माणूस, पण हे सांगताना खुलायचा. ती ते सगळं मंगळवारी मैत्रिणींना मीठमसाला लावून सांगायची. त्या दोन भांडणाऱ्या आयांचा विचार करून तिनं आणखी एक पिवळं दुपटं विणलंसुद्धा. एकदा मीही येते म्हणाली, तर तो म्हणाला, जंतूंच्या भीतीनं तिथे कुणाला आत सोडत नाहीत. तिला ते पटलं.

मग समोरच्या शिंप्याची सून अवेळी बाळंत झाली. ऑपरेटरबाई डबा घेऊन दवाखान्यात गेली, सोबत नुकतंच पुरं केलेलं पांढरं दुपटं. काचेच्या पेट्यांच्या खोलीबाहेर मोठ्या सिस्टर भेटल्या. त्यांनी दुपट्यावरून हात फिरवला आणि परत दिलं.

"लोकरीचं इथे चालत नाही, आजी. तंतू बाळांच्या नाकातोंडात जातात, नळ्यांना चिकटतात. मागे एक गृहस्थ स्कूटरवरून पोतंभर घेऊन आले होते, त्यांनाही परत पाठवलं. सुती टोप्या द्या म्हटलं, ते पुन्हा फिरकलेच नाहीत."

दुसरेच कुणी गृहस्थ असतील, असं ती जिना उतरेपर्यंत स्वतःला समजावत होती. रस्त्यावर आल्यावर तेही जमेना. घरी न जाता ती तडक नणंदेकडे गेली.

दार उघडताच नणंदेची नजर पांढऱ्या दुपट्यावर गेली आणि तिचा चेहरा उतरला. काही न विचारता ती वरच्या खोलीचं कुलूप काढायला निघाली. आत पलंगावर, पलंगाखाली, खिडकीपर्यंत पोतीच पोती. ऑपरेटरबाईनं पहिल्या पोत्यात हात घातला तर लोकरीचा भुगा बोटांना लागला. कसर लागली होती. पिवळ्या दुपट्याची चाळण झाली होती.

"दादाला बोलू नकोस वहिनी," नणंद म्हणाली. "मीच त्याला शपथ घातली होती. नाहीतर तुम्ही सगळ्यांनी येणं बंद केलं असतंत."

"मी तुमच्याकडे नुसती बसायलाही आले असते, वन्सं."

"आली असतीस? त्याआधी कधी आली होतीस?"

नुसती बसायला ऑपरेटरबाई कधीच आली नव्हती. म्हणूनच ती जास्त संतापली. ती तशीच खाली उतरली.

नवरा बाल्कनीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होता. तिनं त्याला एवढंच विचारलं, "पिवळ्यावरून भांडल्या त्या दोघी कोण होत्या?"

त्यानं हातातली घडी पुरी केली. "नव्हत्याच कुणी," तो म्हणाला. "पहिल्यांदा परत आलो तेव्हा तू दारातच उभी होतीस. तुझा चेहरा बघून सांगवेना. मग दर वेळी तुला पुढचं ऐकायचं असायचं."

तारेवरून येणारा आवाज ऐकून माणूस खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्याबद्दल ऑफिसात तिची ख्याती होती. आणि बहिणीचं घर भरलेलं राहावं म्हणून घरचा माणूस तिला वर्षानुवर्षं बनवत होता. दोघं भावंडं मागे काय बोलत असतील? हसत असतील? हसत नसतील, हे तिला कळत होतं. त्यानं राग कमी झाला नाही.

मंगळवारी तिनं सगळ्याजणींना आपल्या घरी बोलावून खरं ते सांगितलं. एक रडली. सर्वांत म्हातारी होती ती म्हणाली, एवढ्या लोकरीत माझ्या बारा नातवंडांचे स्वेटर झाले असते, आणि सगळ्या नको तितक्या हसल्या. कसरीतून वाचलेली दुपटी धुऊन ऑपरेटरबाईनं स्वतः अनाथ मुलांच्या आश्रमात नेली. तिथे एका रांगत्या मुलीनं निळ्या दुपट्याचं टोक धरून ते ओढत नेलं. आता तरी बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

दवाखान्यासाठी आता सुती टोप्या होतात, तिच्याच घरी. काही आठवड्यांनी नणंद सुया घेऊन दारात उभी राहिली. कुणीतरी खुर्ची सरकवली. ऑपरेटरबाईनं मान वर केली नाही, पण चहा टाकताना तिचाही कप धरला.

नवऱ्याशी ती बोलते, भांडत नाही. पण तो गॅस बंद केला म्हणाला, तरी ती उठून एकदा बघून येते.