हातची लेस आणि आत्याची काडेपेटी

आमच्या घराण्यात लेस पारखण्याचं खातं आत्याकडे आहे. ते तिला कोणी दिलं नाही, तिने घेतलं. मुलुंडहून ती कुणाच्याही लग्नाला आली की आधी रुखवताच्या टेबलाकडे जाते, क्रोशाचा रुमाल उचलते, उलटा करते, नाकाशी नेते आणि निकाल देते. निकाल बहुतेक वेळा "चायना" असाच असतो, आणि तो मुलीच्या आईला ऐकू जाईल अशा बेताने दिला जातो. हळू बोलणं हा प्रकार आत्याला माहीत नाही.

तिचं शास्त्र साधं आहे. मशिनच्या लेसला सुरुवात नसते आणि शेवट नसतो, ती मीटरवर कापलेली. हातच्या कामात मागे कुठेतरी धाग्याचं टोक दडवलेलं सापडतं. शिवाय हातच्या कामात चूक असते. एखादा खांबाचा टाका जास्त, एखादी साखळी सैल. चूक नाही म्हणजे तिथे माणूस बसलाच नव्हता, असं तिचं म्हणणं. एवढ्यावर भागलं नाही तर पर्समधून काडेपेटी निघते. सुती धागा जळून राख होते, नायलॉनचा वितळून काळा मणी होतो. घाटकोपरच्या एका दुकानात तिने काउंटरवरच नमुन्याचा धागा पेटवला आणि तो मणी दुकानदाराला दाखवला, डॉक्टर एक्स-रे दाखवतात तसा. त्या बिचाऱ्याने हात जोडून आम्हाला बाहेर काढलं. आग नाही लागली हे नशीब.

माझी आई पार्ल्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली राहते. तिने आयुष्यभर दिसेल त्या वस्तूवर क्रोशाचा रुमाल घातला. टीव्ही, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, काही सुटलं नाही. इंटरनेटच्या डब्यालाही तिने टोपडं घातलं आणि तो तापून बंद पडला, तेव्हा तिने कंपनीलाच नावं ठेवली. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. तेव्हापासून तिला माझ्या घरातली धूळ दिसते आणि जगणं मुश्कील झालंय. त्याच नव्या डोळ्यांनी तिने माझ्या लेकीच्या रुखवतासाठी मोठा गोल रुमाल विणला.

खरं तर रुखवत आम्ही बोरिवलीच्या एका बाईंकडून तयार मागवलं होतं. सुपारीचे भटजी, दिवे लागणारं तुळशीवृंदावन, सगळं झकास. आई म्हणाली, तुमचं दुकान मांडा हवं तिथे, मधोमध माझा रुमाल राहील. गणपतीत सुरू केलेलं काम दिवाळी उलटली तरी चालूच होतं. बोटं सुजायची, मग बाम लावायची, मग पुन्हा सुई. मी थांब म्हटलं की मला माझ्या नवऱ्यासमोर काहीतरी लागट बोलायची. रुमाल मात्र देखणा झाला. कडेने अननसाची नक्षी, मध्ये फूल, आणि एक टाका इकडचा तिकडे नाही.

मग तिने घोळ घातला. साबुदाण्याची खळ दिली आणि ती नको तितकी घट्ट दिली. वर कडक इस्त्री. रुमाल पापडासारखा ताठ उभा राहायला लागला, आणि दुरून बघितलं तर चक्क प्लॅस्टिकचा वाटायचा. मी तसं म्हटलं नाही. लग्नाच्या तोंडावर कोण वाद घालणार?

लग्नाच्या सकाळी आत्या आली, टेबलाकडे गेली, रुमाल उलटा केला. टोक शोधलं, ते खळीखाली चिकटून गडप झालेलं. चूक शोधली, ती नव्हतीच. व्याहीमंडळी रुखवत बघायला जमली होती, त्यांच्यासमोर आत्याने आईला विचारलं, वहिनी, कुठून आणलात, चायनावाल्यांनी कमाल केली हो. आई म्हणाली, मी केलाय. आत्याने मान डोलावली, लहान मूल चंद्र आणला म्हणतं तेव्हा डोलावतात तशी. काडेपेटी काढायला पर्समध्ये हात घातला, मग स्वतःच म्हणाली, उपयोग नाही, आता तिकडून सुतीही येतं.

इथवर ठीक होतं. या नणंद-भावजयींचं जुनंच आहे, आई तिला पुरून उरली असती. पण माझी लेक पिवळ्या साडीत, मुंडावळ्या सावरत मध्ये आली आणि तिने आजीला मिठी मारली.

"आजी, विकत आणलास तरी चालेल गं. तुझे हात किती दुखतात. मला आवडलाय ना!"

आईचा चेहरा रागाने लाल झालेला मी हजारदा बघितलाय. त्या वेळी तो नुसता उतरला. तिने माझ्या पदराची पिन काढून घेतली, रुमाल उलटा करून कडेला टोचत बसली, खळीतून टोक उकरून काढलं आणि गाठ सोडवून ओढलं.

खळीमुळे प्रत्येक टाका चट् आवाज करत सुटत होता. एका धाग्याचं काम ते, जसं घातलं तसंच उलट निघायला लागलं. मशिनचं असं टाक्यामागून टाका उसवत नाही, हे आत्याला आमच्यापेक्षा आधी कळलं. वहिनी, कळलं मला, पुरे, असं ती म्हणाली. आई थांबली नाही. आत्या खुर्ची ओढून समोर बसली आणि सुटणारा धागा बोटांवर गुंडाळायला लागली. भांडण कितीही असो, चांगल्या सुताचा गुंता झालेला तिला बघवत नाही. नवऱ्यामुलाकडचा कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होता. गुरुजी मुलीला हाका मारत होते. लेक म्हणत होती, आजी, माझा विश्वास आहे गं, नसता केलास तरी चाललं असतं. आई ओढत राहिली. अननस गेले. मला आईचा इतका राग आला होता आणि इतकं रडू येत होतं की मी पदर सुटलेला तसाच धरून उभी होते.

शेवटी मधलं फूल तेवढं राहिलं, बशीएवढं. तेव्हा लेकीने आजीचे दोन्ही हात घट्ट धरले. मेकअपचं तोपर्यंत वाटोळं झालं होतं.

"नको ना आजी. माझ्यासाठी केलायस तू हा. नको उसवूस."

आई थांबली. सुटलेल्या टाक्यात पिन अडकवली आणि रुमाल होता तिथे ठेवला. लग्न लागलं, अर्थात उशिरा.

जेवताना मी आईच्या शेजारी बसले. माझा राग अजून गेला नव्हता. मी विचारलं, आत्याला पहिल्याच ओळीत पटलं होतं, मग एवढं सगळं कशाला उसवलंस?

आईने जिलेबी मोडली.

"वन्संना पटलं होतं गं. पोरगी अजून 'चालेल' म्हणत होती."