मृत ठरवलेल्या मातीतली वांगी

होळीच्या आदल्या दिवशी आमच्या नोएडातील सोसायटीमागची जमीन ‘मृत’ ठरवून तिच्यावर फरशा बसवण्याचा प्रस्ताव मांडला गेला: जबाबदार, सचिव. गुढीपाडव्याला त्याच जमिनीत वांग्याची रोपे लागली: जबाबदार, मी. त्यानंतरच्या तिसऱ्या बुधवारी रोपांच्या मुळाशी बुरशीनाशक ओतले गेले: जबाबदार, पुन्हा सचिव. माळ्याने केवळ तोंडी हुकूम पाळला, म्हणून त्याला मी दोषमुक्त करतो.

जमीन वाईट होती, हे मला मान्य आहे. बिल्डरने राडारोडा पुरून वर वीतभर माती पसरली होती. पण सरकारी नोकरीत उभा जन्म कायद्याचे मसुदे तपासलेला माणूस एका ओळीच्या प्रस्तावापुढे हार मानत नाही. मी कुजलेले शेणखत आणि पानांचे खत मिसळले. प्रत्येक खड्ड्यात मुळांना उपकारक अशा बुरशीची चिमूटभर भुकटीही टाकली. ही बुरशी मुळांशी जोडली जाते, लांबवरचे पाणी आणि स्फुरद आणून देते व मोबदल्यात रोपाकडून साखर घेते. इतका स्वच्छ करार मी नोकरीत क्वचितच पाहिला.

सचिवांना मात्र पाचोळ्यावर पांढरे तंतू दिसले. ‘‘अंकलजी, फंगस लग गया था, हमने दवा डलवा दी,’’ असे त्यांनी मला हसतमुखाने कळवले. त्या आठवड्यात मी त्यांना चार पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. चौथे वाचून पत्नी म्हणाली, ‘‘अहो, एक प्रत वांग्यांना पाठवा. निदान ती तरी पोच देतील.’’

औषध चारपैकी दोन ओळींतच संपले होते, हे माळ्याकडून नंतर कळले. मे महिन्यात त्या दोन ओळी गुडघ्याखालीच पिवळ्या पडून राहिल्या. उरलेल्या दोन कमरेपर्यंत वाढल्या आणि जांभळ्या फळांनी लगडल्या. खत तेच, पाणी तेच, ऊन तेच. फरक एका औषधाचा. असा पुरावा मिळवायला वकिलांची हयात जाते, आणि मला तो प्रतिपक्षाने स्वहस्ते करून दिला. माझा राग तिळभरही कमी झालेला नाही. तरी सकाळी जिना उतरताना मी शीळ घालतो, असा पत्नीचा आरोप आहे.

तिने गोडा मसाला घालून केलेली भरली वांगी सचिवांच्या घरी धाडली. डबा चाटूनपुसून परत आला, आणखी मिळतील का अशी विचारणाही आली. प्रस्ताव मात्र मागे घेतला गेला नाही.

येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. सचिव महोदय, आपण सर्व सभासदांना घेऊन आधी त्या चार ओळींपाशी यावे. मग सभेत उभे राहून सांगावे, की फळांनी लगडलेली झाडे उपटून तिथे फरशा बसवण्याला आपला आधार काय. उत्तर मला एकट्याला देऊ नये. ते सर्वांनी ऐकले पाहिजे आणि इतिवृत्तात शब्दशः नोंदले गेले पाहिजे.