परखीवाला देवाजी आणि जगातला नंबर

देवाजीला सहीपुरतंच लिहिता येई. हे आधीच सांगतो, कारण पुढे दोन पदव्या मिरवणाऱ्या एका मास्तराची फजिती आहे आणि तो मास्तर मी आहे.

सौंदडजवळच्या राईस मिलमध्ये तो परखी चालवायचा. परखी म्हणजे पोत्यात खुपसून आतलं धान बाहेर काढणारी पोकळ लोखंडी सळई. पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगलं धान ठेवतात. देवाजी सळई तिरपी घालून थेट बुडातलं काढायचा, तळहातावर चोळायचा आणि फुंकर मारायचा. पोकळ दाणे, म्हणजे बदरा, उडून जाई. एकदा मालकाच्या मेव्हण्याचं पोतंही त्याने सर्वांसमोर परत पाठवलं. मालक आठवडाभर बोलला नाही, पण परखी काही त्याच्या हातून काढून घेतली नाही.

२००७ साली त्याची मुलगी रीना बारावीला तालुक्यात पहिली आली. तिला भातावरच्या रोगांचा अभ्यास करायचा होता. सरकारी कृषी विद्यापीठात तिचा नंबर लागला होता आणि प्रवेश घ्यायला आठ दिवस उरले होते. तेवढ्यात परराज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपुस्तक मीच तिच्या हाती दिलं. त्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'जगात ४१२ वा क्रमांक'. मी तर हुरळूनच गेलो. सौंदडची पोर जगातल्या नंबराच्या विद्यापीठात! गावभर सांगून आलो.

त्या विद्यापीठाची सभा गोंदियाच्या एका हॉलमध्ये होती. टायवाले साहेब बोलून दमले तेव्हा देवाजी उठला.

"साहेब, हा नंबर कोन देते?"

"इंटरनॅशनल संस्था देती है."

"थे लोकं पाह्याले आल्ते का?"

"आने की जरूरत नहीं पडती. आंकडे हम भेजते हैं. और दुनियाभर के प्रोफेसरों की राय ली जाती है."

"त्या प्रोफेसरायनं तरी पाह्यलं का?"

साहेब पाणी प्याले.

"म्हंजे धान कसं हाये थे पोतंवाल्यानंच सांगाचं, अन् बाकीच्यायनं दुरूनच मान हालवाची!"

हॉल खदखदून हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येताच मी त्याच्यावर खेकसलो, "अरे, अख्खं जग मानतं ते नंबर! तुला काय कळतं त्यातलं?"

"नाही कळत, गुरुजी. म्हनून तं जाऊन पाहतो म्हन्तो. धान चांगलंबी असंल."

रीना मैत्रिणींना नंबर सांगून बसली होती, ती रडायला लागली. शेवटी ठरलं, तिघांनी दोन्ही ठिकाणी जायचं आणि मग रीनानेच सांगायचं.

खाजगी विद्यापीठाच्या संगमरवरी फाटकातून मी ऐटीत आत शिरणार होतो. देवाजीने मला दंडाला धरून मागच्या फाटकाकडे वळवलं. प्रयोगशाळेला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, हे तिथल्या चार जणांना विचारूनही कळेना. रीनाने खिडकीच्या काचेला नाक लावलं. आत बारा सूक्ष्मदर्शक होते, बाराही कंपनीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. झाडणारी बाई म्हणाली, "कोई बडा आदमी आता है तब खोलते हैं."

दोन दिवसांनी कृषी विद्यापीठ गाठलं. भिंतींचे पोपडे निघालेले, फाटकावरचं नाव अर्धंच उरलेलं. पण मुलंमुली गुडघाभर चिखलात भाताची रोवणी करत होती. प्रयोगशाळेत एका मुलीने सरकून रीनाला जागा दिली आणि करपा रोग पडलेलं भाताचं पान सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. फिरवायच्या चकतीवरचा रंग बोटांनी पार झिजला होता. देवाजीने त्यावर अंगठा फिरवला. रीना मात्र उठेचना.

"बाबा, मी अथीच शिकन," ती डोळा न काढताच म्हणाली.

जगातला नंबर का सोडला, हे गावाला समजावत मीच महिनाभर फिरलो. तेवढी शिक्षा मला हवीच होती.

२०१९च्या मे महिन्यात डॉक्टर रीना सुट्टीला घरी आली होती. करप्यावरचे तिचे लेख आता परदेशात वाचले जातात. एका सकाळी ती लॅपटॉपवर पत्र वाचून हसायलाच लागली. जगातल्या विद्यापीठांची यादी करणाऱ्या एका संस्थेने अभ्यासक म्हणून तिचं मत मागितलं होतं. पत्रात होतं, 'तुमच्या विषयातली उत्तम दहा विद्यापीठं सांगा.' मी लगेच चष्मा सावरून मोठमोठी नावं सुचवू लागलो.

देवाजी अंगणातून म्हणाला, "आतून पाह्यले किती तुनं?"

"दोन."

"मंग दोनच लिव्ह."

रीनाने पहिल्या ओळीत आपलं पोपडे निघालेलं विद्यापीठ लिहिलं. दुसऱ्या ओळीत, जिथे ती सहा महिने काम करून आली होती ते परदेशातलं. उरलेल्या आठ ओळी कोऱ्या ठेवून तिने फॉर्म पाठवून दिला.

कुठल्याच यादीत कधी नाव न आलेल्या त्या विद्यापीठाला सौंदडहून एक मत गेलं होतं, आणि तेही पाहून दिलेलं. मला इतका आनंद झाला की चपला घालून निघालो आणि पुन्हा गावभर सांगून आलो.