बारावी खुर्ची आणि उजवा पाय

आता काय लपवायचं तुमच्यापासून? अख्ख्या पॅरिशला ठाऊक आहे, विसरवाडीच्या नाक्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. तेव्हा तुम्हीही ऐकून घ्या. माझी इज्जत एकदाच गेली, पण सगळीच्या सगळी गेली. आणि गेली कुठून? उजव्या पायाच्या अंगठ्यापासून!

मी झेडपीच्या शाळेतला निवृत्त मास्तर. आमच्या चर्चच्या पॅरिश कौन्सिलचा सचिव. म्हणजे खुर्च्या कुठे लावायच्या, माईक कोणी धरायचा, कोणी कुठे बसायचं, हे सगळं मी ठरवणार. फादर बदलतात, सचिव बदलत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, म्हणजे पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेत, पाय धुण्याचा विधी असतो. येशूने शेवटच्या जेवणाला शिष्यांचे पाय धुतले होते ना, त्याची आठवण. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात, बारा माणसं उजवा पाय उघडा करून बसतात. फादर गुडघ्यावर येऊन एकेकाच्या पायावर पाणी घालतात, पुसतात आणि वाकून पायाचा मुका घेतात.

पहिली खुर्ची चौदा वर्षं माझी. येशूच्या शिष्यांत पहिला पीटर, म्हणून लोक मला त्या आठवड्यात 'पीटर' म्हणायचे. मी नको नको म्हणायचो, पण मनातून गुदगुल्या व्हायच्या. पायाची तयारी तर बुधवारपासूनच. दगडाने घासा, नखं काढा, खोबरेल लावा. बायको म्हणायची, "वर्षभर त्या पायाकडे ढुंकून बघत नाही. आणि फादरनी धुवायचा म्हणून आधी आपणच धुवायचा! मग फादरनी काय धुवायचं?"

मी म्हणायचो, "तुला त्यातलं कळत नाही."

यंदा नवे फादर आले. फादर नेल्सन, वसईकडचे. तरुण माणूस, बोलणं गोड, पण प्रश्न फार विचारायचे. पहिल्याच बैठकीत विचारलं, "मास्तर, आपल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कोण बसतं?"

मी लगेच उत्तर दिलं, "उशिरा येणारे, फादर."

फादर हसले नाहीत. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यंदा पाय धुण्याला कौन्सिलची माणसं नकोत. टेकडीफळी पाड्यावरची ऊसतोड करणारी मंडळी आठवड्यापूर्वीच गुजरातहून परत आली आहेत. त्यांच्यातले बारा बोलवा. बायकाही बसवा. ज्यांच्या पायांनी वर्षभर चिखल तुडवला, त्यांचे पाय धुऊ या."

"वा, फादर!" मी म्हटलं. पण मनात आलं, बाराच्या बारा तिकडचे? मग पीटर कोण?

बोला, तुम्ही काय केलं असतं? मी सरळ हिशेब केला. अकरा त्यांचे आणि बारावा मी. ऐन वेळी फादर काय बारावी खुर्ची रिकामी ठेवणार आहेत?

सोमवारी मोटरसायकल काढून टेकडीफळीला गेलो. वीसेक घरं. अजून अंगणात गोधड्यांची गाठोडी, कोयते, पातेली तशीच पडलेली. मला बघून सगळे जमले. मीखाबाबा पुढे आले. ते टोळीतले सगळ्यात म्हातारे, बारीक अंगाचे, आवाज मात्र खणखणीत.

आता माझं डोकं बघा. मला वाटलं, 'फादर तुमचे पाय धुणार' असं सांगितलं तर ही माणसं लाजेने मरतील. येणारच नाहीत. म्हणून मी शहाणपणा केला. त्यांच्याच बोलीत म्हटलं, "गुरुवारले संध्याकाळी मिशनमा या. फादर तुमना पाय देखतीन."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीखाबाबांनी विचारलं, "खरंच देखतीन?"

"खरंच. उजवा पाय."

"मन्हा डावा दुखस, मास्तर."

"यंदा उजवाच," मी म्हटलं. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

एकाने विचारलं, "उपाशी येवानं का जेवीसन?"

किती भाविक माणसं, मला वाटलं! कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, घ्यायच्या आधी तासभर काही खायचं नाही, हा आमचा नियम. मी म्हटलं, "एक तास पहिले काहीच खावानं नही. पानी चाली."

माना डोलल्या. मी वही काढून नावं लिहायला लागलो, तशा माना आणखी जोरात डोलल्या. मीखाबाबा म्हणाले, "जुना कागद शेतस घरमा. त्या लई येऊ का?"

मला वाटलं, बाप्तिस्म्याचे दाखले. "लई या ना! चांगलंच व्हई. आनि पाय घासीसन या बरं का."

आता तुम्हीच सांगा, यात मी खोटं काय बोललो? एक शब्द खोटा नाही! धर्मशिकवणीला येणाऱ्या पोरांनाही मी हेच समजावतो, खोटं बोलू नये.

अकरा नावं झाली तेव्हा एक बाई पुढे आली. रजीबाय. चाळिशीची, बोलायला तिखट. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. ऊस तोडताना कोयता लागला होता आणि टोळी थांबत नाही म्हणून ती तशीच तोडत राहिली होती. म्हणाली, "मन्हं बी नाव लिखा."

वहीत एक जागा मोकळी होती. माझी! मी वही मिटली. म्हटलं, "जागा भरी गई, बाई. पुढला वरीसले देखू."

हे सांगताना आजही कान गरम होतात. पण त्या दिवशी मी शीळ घालत घरी आलो.

गुरुवार उजाडला. मी बारा खुर्च्या ओळीत मांडल्या. पहिली मीखाबाबांना दिली, एवढं मोठं मन मी केलं. मी आपला शेवटच्या, बाराव्या खुर्चीवर. नवा पायमोजा, पॉलिश केलेले बूट, खोबरेलाचा वास. पाच वाजता बाहेर बघतो तर काय, टेकडीफळी सगळी आलेली! बाया, म्हातारे, कुबडीवाले. शेजारच्या फळीतलेही आलेले. नाक्यावरचे पंक्चरवाले चाचा सुजलेला घोटा घेऊन स्कूटरवर आले आणि अदबीने मागच्या बाकावर बसले. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी.

माझी छाती फुगली. बायकोच्या कानात म्हटलं, "बघ! याला म्हणतात संघटन."

बायको म्हणाली, "एवढी माणसं तुमच्या बोलावण्यावरून आली? मग नक्की काहीतरी चुकलंय."

मिस्सा सुरू झाली. फादरचं प्रवचन छान झालं. मी खुर्चीवरून मान हलवायच्या जागा शोधत होतो. गायनमंडळाने गाणं धरलं, फादरनी कमरेला टॉवेल बांधला, तांब्या आणि परात घेऊन मीखाबाबांसमोर गुडघ्यावर बसले. पाय परातीत घेतला, पाणी घातलं, पुसला.  फादर मुका घ्यायला खाली वाकले.

मीखाबाबाही खाली वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "फादर, तठे नही. जराखा खाले. टाच दुखस."

फादर वाकलेले ते वाकलेलेच राहिले.

"आनि खरं तं हाऊ पाय नहीच," मीखाबाबा म्हणाले. "डावा शे. पन मास्तर सांगस, यंदा उजवाच."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक्स-रे काढला आणि वेदीवरच्या मेणबत्तीसमोर धरला! हाडं दिसायला लागली. गायनमंडळातली पेटी वाजवणारी बाई थांबली. दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाने आपल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली, तिसऱ्याने केसपेपर. चौथा घाईघाईने म्हणाला, "मी एक तास काहीच खादं नही. पाहिजे तं रगत लई ल्या!"

फादरनी मान वळवून ओळीच्या टोकाला माझ्याकडे बघितलं. हळू आवाजात विचारलं, "मास्तर, हे काय आहे?"

काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, "फादर, प्रतीकात्मक असावं."

फादर उठून उभे राहिले. मीखाबाबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय सांगून बोलावलं?"

"ह्या मास्तरनी सांगं. फादर पाय देखतीन. नाव लिखं, उपाशी ऱ्हा सांगं, कागद लई या सांगं." मग जरा ओशाळून म्हणाले, "डागदर नही का तुम्ही?"

सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. बायको सोडून. ती पदरात तोंड घालून हलत होती.

फादरनी विचारलं, "बाबा, तुम्ही तर इथलेच. बाप्तिस्मा इथलाच. पाय धुण्याचा विधी कधी पाहिला नाही?"

मीखाबाबा म्हणाले, "फादर, या दिनसमा आम्ही कधी घर ऱ्हातस? दिवाळी व्हयनी का उसमा. चाळीस वरीस व्हयनात. यंदा कारखाना लवकर बंद पडना म्हनीसन उनूत."

ऐकलंत? चाळीस वर्षं! ज्या आठवड्यात मी पीटर होऊन मिरवत होतो, त्या आठवड्यात या माणसांच्या घरांना दरवर्षी कुलूप होतं. आणि मी, पॅरिशची सगळी वही-पुस्तकं ठेवणारा माणूस! मला हे कधी दिसलंच नाही. मला खरंच लाज वाटली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

 मिशनचा दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर आग्नेस पहिल्या बाकावर होत्या, फादरनी त्यांच्याकडे बघितलं. सिस्टर उठल्या आणि ड्रेसिंगची पेटी आणायला गेल्या.

फादर म्हणाले, "बाबा, मी डॉक्टर नाही. पण आलेला कोणी तसाच परत जाणार नाही. आधी मी पाय धुतो, मग सिस्टर पाय बघतील. जो दुखतो तो पाय पुढे करा, डावा असो की उजवा. आणि एका खुर्चीवरचा झाला की तिथे मागचा एक बसेल, मग पुढची खुर्ची."

झालं! मागची बाकं उठली. चर्चच्या मधल्या वाटेत रांग लागली. फादर पाय धुतायत, मुका घेतायत, शेजारी सिस्टर पट्ट्या बांधतायत. एखादी म्हातारी पाय धुतल्यावर रडत होती, आणि तिचा पाय दुखत होता म्हणून ती रडत नव्हती. चाचांचाही घोटा धुतला गेला. चाचा "अरे फादर, नको नको" म्हणत होते आणि फादर ऐकत नव्हते. गायनमंडळाला त्या विधीची दोनच गाणी येत होती. तीच आलटून पालटून चालली होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर मास्तर उठला असेल. नाही! खोटं कशाला सांगू? मी बसून होतो. एक बूट काढलेला, पाय पुढे केलेला. दहावी खुर्ची झाली, अकरावी आली. मनात म्हटलं, लाज वाटली ती वाटली, पण आता एवढ्यासाठी कशाला उठायचं? चौदा वर्षांत खंड पडलेला नाही. फादर आता माझ्याकडेच सरकणार.

तेवढ्यात समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. रजीबाय. रांगेत उभं राहून राहून फडक्यातून रक्त दिसायला लागलं होतं. फादर परात घेऊन गुडघ्यावरच सरकत माझ्यापाशी आले आणि थांबले. 

रजीबायने माझा पाय वरून खालून बघितला. खोबरेलाने चकाकत होता. तिने अगदी काळजीने विचारलं, "मास्तर, तुमना पायले काय व्हयनं?"

मी म्हटलं, "काही नही."

"काहीच नही?"

"नही."

"मंग काबर बठेल शेतस? ऊठा ना! दुखस त्यासले बठू द्या."

चौदा वर्षं चौदा प्रवचनं ऐकली हो मी त्या खुर्चीवर बसून. सगळ्यांचा अर्थ एवढाच होता, पण इतक्या थोडक्यात कोणी सांगितलाच नव्हता. उठलो. म्हटलं, "बठा बाई. ही खुर्ची तुमनीच व्हती. मीच लबाडी करी." फादरनी तिच्या पायावरचं फडकं हळूच सोडायला घेतलं.

मला तिथे बूट घालायलाही थांबवेना. एक बूट पायात, एक हातात. असा मी सगळ्या चर्चच्या देखत, रांगेच्या कडेकडेने, एक पाय उंच आणि एक पाय खाली करत मागच्या बाकाकडे निघालो. मान खाली. कोणी बोलू नये एवढीच देवाकडे मागणी.

आणि मीखाबाबांचा तो खणखणीत आवाज आला. अगदी कळवळून म्हणाले, "देखा, देखा! मास्तरले बी लंगडं चालनं पडस. एवढं दुखत व्हतं, पन बिचारानी रजीले जागा दिधी!"